अंधारातील पर्वत आणि त्यांची अनामिक प्रजा



समुद्र म्हटला की किनारा, लाटा, गलबते आणि मासळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पूर्वजांनी समुद्राला 'रत्नाकर' म्हटले ते उगीच नव्हे. परंतु या रत्नाकराचे छप्पर तेवढे माणसाने पाहिले आहे. त्याची दालने, तळघरे आणि त्यातील प्रजा अद्याप अपरिचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय याच तळघरातला आहे. उष्ण कटिबंधातील बेटांचे पाण्याखाली उतरत जाणारे कडे आणि भर समुद्रात तळापासून उठून पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेले पर्वत, या दोन ठिकाणी जी जीवसृष्टी नांदते तिचा शोध कसा लागला, आणि त्या शोधाची निकड आज का निर्माण झाली आहे, हे समजून घ्यावयाचे आहे.

सागरतळापासून साधारणतः हजार मीटर वा अधिक उंच उठलेल्या, पण पाण्याबाहेर न आलेल्या उंचवट्याला सागरी पर्वत म्हणतात. यातील बहुतेक विझलेले ज्वालामुखी आहेत. त्यांची गणती करण्याची एक मोठी नामी युक्ती शास्त्रज्ञांना सापडली. पर्वताच्या प्रचंड वस्तुमानाकडे भोवतालचे पाणी ओढले जाते आणि समुद्राच्या पृष्ठभागाला त्या जागी अल्पसा फुगवटा येतो. डोळ्यांना तो दिसत नाही, उपग्रहाला मोजता येतो. अशा मोजणीतून २०२३ मध्ये १९,३२५ नवे पर्वत नोंदले गेले आणि ज्ञात पर्वतांची संख्या ४३,४५४ झाली. मात्र जहाजावरील यंत्रांनी प्रत्यक्ष मोजलेला सागरतळ २०२५ च्या मध्यापर्यंत जेमतेम २७ टक्के होता. ज्या पर्वतांवर जाळे टाकून वा कॅमेरा उतरवून जीवसृष्टीचा अभ्यास झाला, ते तर या हजारोंपैकी मूठभरच.

एका बरणीची कथा

एकोणिसाव्या शतकात एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने असे अनुमान मांडले होते की सुमारे ३०० वावांच्या, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी असू शकत नाही. प्रकाश नाही, अन्न नाही, वर पाण्याचे ओझे. तेथे जगणार कोण? तर्क बिनतोड वाटत होता. १८७२ ते १८७६ या काळात जगप्रदक्षिणा करणाऱ्या 'चॅलेंजर' जहाजाने तो धुळीस मिळविला. जाळे जितके खोल गेले, तितक्या खोलीवरून जिवंत प्राणी वर आले.

पुढे अमेरिकेच्या मत्स्य विभागाचे 'अल्बाट्रॉस' हे जहाज १९०७ ते १९१० या काळात फिलिपीन्सच्या समुद्रात फिरत होते. १९०८ साली मनिला उपसागराच्या मुखाजवळ, लुबांग बेटांनजीक, सुमारे १९० मीटर खोलीवरून शेवंडासारखा दिसणारा एक प्राणी जाळ्यात आला. तो एका बरणीत भरला गेला आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या फळीवर जाऊन बसला. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, साम्राज्ये लयास गेली, माणूस चंद्रावर जाऊन आला. बरणी होती तेथेच होती.

अखेर झाक फॉरे आणि मिशेल द सॅं लोराँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो ज्या कुळातला होता, ते कुळ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नष्ट झाले असे मानले जात होते. त्याचे केवळ जीवाश्मच ठाऊक होते. या जिवंत वंशजाला त्यांनी 'निओग्लिफिया इनोपिनाटा' असे नाव दिले. 'इनोपिनाटा' म्हणजे अनपेक्षित. प्राणी जाळ्यात सापडल्यापासून त्याचे बारसे होईपर्यंत सदुसष्ट वर्षे लोटली होती.

एका नमुन्यावर शास्त्र समाधानी राहत नाही. पुढल्याच वर्षी, मार्च १९७६ मध्ये, पॅरिसचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय आणि 'ऑर्स्टॉम' ही फ्रेंच संशोधन संस्था यांनी मिळून 'व्होबाँ' जहाजावरून फिलिपीन्सची मोहीम काढली. दोन्ही संस्थांच्या नावांचा मेळ घालून तिला 'म्युझॉर्स्टॉम' म्हटले गेले. निओग्लिफियाचे आणखी नमुने तर मिळालेच. पण त्याच जाळ्यांतून असे शेकडो जीव वर आले की एका प्राण्याच्या शोधात निघालेल्या मोहिमेचे रूपांतर काही दशके चाललेल्या एका ज्ञानयज्ञात झाले.

उतारावरचा शोध

न्यू कॅलेडोनिया, इंडोनेशिया, वानुआतू, वालिस आणि फुतुना, मार्केसास, फिजी, टोंगा, सॉलोमन बेटे, पुन्हा फिलिपीन्स, पापुआ न्यू गिनी अशी या मोहिमांची यादी लांबत गेली. त्यांत फिलिप बूशे, बर्त्रां रिशे द फोर्ज यांसारख्या संशोधकांनी आपले उभे आयुष्य वेचले. त्यांचे लक्ष मुख्यतः शंभर ते दीड हजार मीटर या पट्ट्यावर होते. कारण सोपे आहे. पाणबुड्या साधने लावून खाली जातो तो काही दहा मीटर. मोठ्या समुद्रविज्ञान मोहिमांना ओढ असते ती अथांग गर्तांची. मधला उतार दोघांच्याही नजरेतून सुटला होता.

या कामात दिमाख फारसा नाही. पोलादी दोराच्या टोकाला ओढजाळे किंवा तळ खरवडणारा ड्रेज बांधून जहाजावरून सोडावयाचा, थोडा वेळ तळावर ओढावयाचा आणि वर घ्यावयाचा. तळ खडकाळ असेल तर जाळे फाटते, कधी रिकामे येते, कधी वर येतच नाही. जे येते ते चिखल, दगड, तुटक्या प्रवाळांच्या फांद्या. मग तो सारा ढीग चाळण्यांवर धुवावयाचा आणि तांदळातले खडे वेचावेत तसे चिमट्याने एकेक जीव निवडावयाचे. मद्यार्कात टाकल्यावर रंग उडतात, म्हणून जिवंतपणीच छायाचित्र घ्यावयाचे. जनुकांच्या तपासणीसाठी ऊतीचा तुकडा वेगळा ठेवावयाचा. आणि प्रत्येक बरणीत जागा, खोली व दिनांक लिहिलेली चिठ्ठी टाकावयाची. चिठ्ठी हरवली तर नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ संपलेच.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. फिलिपीन्समधील बोहोल प्रांतात, पांगलाओ आणि बालिकासाग बेटांचे कोळी पिढ्यान् पिढ्या समुद्रात उतरतात. शंखांच्या संग्राहकांना विकण्यासाठी दुर्मिळ शंख मिळावेत म्हणून ते शंभर-दोनशे मीटर आणि त्याहूनही खोल, उभ्या कड्यांवर गुंतवळीची जाळी सोडून ठेवतात. त्यांना ते 'लुमुन-लुमुन' म्हणतात. ज्या कड्यावर ओढजाळे चालूच शकत नाही, तेथे हे जाळे दिवसचे दिवस पडून राहते आणि खेकडे, शंख त्यात आपसूक अडकतात. २००४ आणि २००५ मध्ये पांगलाओ येथे झालेल्या मोठ्या मोहिमांत देशोदेशींचे शास्त्रज्ञ या कोळ्यांच्या जाळ्यांपुढे अक्षरशः रांग लावून बसले. विज्ञानाला ठाऊक नसलेले कित्येक जीव त्या साध्या जाळ्यांनी हाती दिले. परंपरेने जपलेले ज्ञान आणि आधुनिक शास्त्र यांचा संगम झाला की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारे १२०० किलोमीटरवर न्यू कॅलेडोनिया आहे. तेथून दक्षिणेकडे न्यूझीलंडच्या दिशेने नॉरफोक ही पर्वतरांग पाण्याखाली पसरली आहे. तिच्या सपाट माथ्याच्या शिखरांवर १९८०च्या दशकात देठावर उभा असलेला, फुलासारखा दिसणारा एक प्राणी सापडला: 'जिम्नोक्रायनस रिचेरी'. तारामाशांचा हा दूरचा भाऊबंद. त्याचे जवळचे आप्त डायनोसॉरच्या युगातील खडकांत आढळतात. त्याच्या शरीरातील रंगद्रव्ये डेंग्यूच्या विषाणूविरुद्ध प्रयोगशाळेत परिणामकारक आढळली. ऑक्टोबर २००५ मध्ये याच प्रदेशाच्या पश्चिमेस, कोरल समुद्रात, निओग्लिफियाच्या कुळातील दुसरी जिवंत प्रजाती हाती आली. तिच्या वंशाला 'लॉरेंटीग्लिफिया' असे नाव देऊन तोवर दिवंगत झालेल्या मिशेल द सॅं लोराँ यांचे स्मरण केले गेले. पाच कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या म्हणून समजलेल्या कुळाची अशी दोन घरे अजून नांदती आहेत.

पर्वतावर एवढी गर्दी का?

खोल समुद्राचा बहुतांश तळ म्हणजे मऊ गाळाचे अफाट मैदान. त्यात पर्वत उभा राहिला की दोन गोष्टी घडतात. एक, प्रवाळ आणि स्पंज यांना चिकटून राहण्यासाठी कठीण खडक मिळतो. दुसरी, वाहता प्रवाह पर्वताला धडकून वेग घेतो, वळतो, आणि वरून ठिबकणारे अन्नकण त्या खडकावरून सतत वाहत राहतात. प्रवाळ आपल्या फांद्या पसरून ते टिपतात. त्या फांद्यांत खेकडे राहतात, खेकड्यांना मासे खातात, आणि हळूहळू त्या अंधारात एक अरण्य उभे राहते. सूर्यकिरण जेथे पोहोचत नाही तेथले हे अरण्य.

२००० साली रिशे द फोर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात टास्मान व कोरल समुद्रांतील पर्वतांचा आढावा प्रसिद्ध केला. ८५० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतील २९ ते ३४ टक्के विज्ञानाला नव्या होत्या. त्यावरून असा विचार पुढे आला की प्रत्येक पर्वत म्हणजे एकेक स्वतंत्र बेटच आहे. एका शिखरावरची प्रजा दुसऱ्यावर जात नाही. पुढे २००६ मध्ये पॅरिसच्याच संशोधकांनी नॉरफोक रांगेवरील प्राण्यांची जनुके तपासली तेव्हा चित्र पालटले. लहान शेवंडवर्गीय प्राण्यांच्या अळ्या पाण्यात दीर्घकाळ तरंगतात, दूरवर जातात. त्यांच्यात पर्वतागणिक फरक नव्हता. उलट ज्या गोगलगायीच्या पिलांना असा प्रवास जमत नाही, तिच्यात तो फरक स्पष्ट होता.

याचा व्यावहारिक अर्थ ध्यानी घ्यावा. एक शिखर उजाड झाले तर शेजारच्या शिखरावरून काही जीव परत येतील, काही कधीच येणार नाहीत. कोणते येतील हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रजातीची ओळख आणि तिचे जीवनचक्र ठाऊक असावे लागते.

चार हजार वर्षे आणि एक तास

या जगात काळ संथ चालतो. हवाई बेटांच्या उतारावर चारशे-पाचशे मीटर खोलीवरील काळ्या प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने मोजले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता ४,२६५ वर्षे. इजिप्तचे पिरॅमिड उभे राहिल्यानंतर दोन-तीन शतकांतच रुजलेला तो जीव आजच्या युगापर्यंत जगत आला. दक्षिणेकडच्या थंड समुद्रातील पर्वतांवर राहणारा 'ऑरेंज रफी' हा मासा प्रजननक्षम व्हायलाच सुमारे तीस वर्षे घेतो आणि शंभराहून अधिक वर्षे जगतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या बोटींनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे थवे उपसले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाला आपल्या पर्यावरण कायद्याखाली या माशाची संरक्षणावर अवलंबून असलेली प्रजाती म्हणून नोंद करावी लागली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तळ खरवडणाऱ्या मासेमारीपासून सागरी पर्वतांना जपण्याचे आवाहन करणारा ठराव संमत केला.

दुसऱ्या बाजूला माणसाच्या ज्ञानाचा वेग पाहा. २००७ साली जगभरात वर्णन झालेल्या नव्या प्रजातींपैकी ६०० निवडून बूशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. नमुना गोळा झाल्यापासून त्याला शास्त्रीय नाव मिळेपर्यंत सरासरी जवळपास २१ वर्षे लागतात, असे त्यांना २०१२ मध्ये दिसून आले. जे अरण्य वाढायला चार हजार वर्षे लागली, त्याच्या रहिवाशाचे बारसे करायला एकवीस वर्षे लागतात. आणि एक वजनदार ओढजाळे त्यावरून फिरवायला तास पुरतो. या तीन आकड्यांतच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. ज्याला नाव नाही, त्याची नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्या वतीने कोणताही कायदा उभा राहत नाही. आणि तो नष्ट झाला तर गेला हे सांगायलाही कोणी उरत नाही.

आता जाळ्यांच्या जोडीला खाणकामही आले आहे. पापुआ न्यू गिनीने जानेवारी २०११ मध्ये बिस्मार्क समुद्रात सुमारे १६०० मीटर खोलीवरील 'सोलवारा १' या जागी तांबे व सोने काढण्याचा परवाना एका परदेशी कंपनीला दिला आणि स्वतःही भागीदारी घेतली. किनाऱ्यावरील लोकांनी विरोध केला. २०१९ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. खनिज तर निघालेच नाही, पण त्या गरीब देशाचे कोट्यवधी डॉलर बुडाले. शेजारच्या न्यू कॅलेडोनियाने दुसरी वाट धरली. २०१४ मध्ये सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरचे कोरल समुद्र नैसर्गिक उद्यान घोषित झाले आणि २०२५ मध्ये तेथील विधिमंडळाने आपल्या सागरी क्षेत्रातील खाणकामावर ५० वर्षांची बंदी घातली. जेथे बरण्या भरल्या गेल्या, नावे दिली गेली, तेथे काय राखावयाचे हे लोकप्रतिनिधींना ठाऊक होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या चिकाटीचे हे फळ आहे.

चौलच्या पाहुण्याचे नाव

हा प्रश्न दूरच्या प्रशांत महासागराचाच आहे, असे कोणास वाटेल. पण पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन आपल्या कोकणातील चौल बंदरात उतरला होता. तेथून तो जुन्नरला गेला, पुढे बिदरला पोहोचला. त्याचे नाव आज हिंदी महासागरातील एका महाकाय सागरी पर्वताला आहे. तो विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्याच्या खडकांवर कोबाल्टयुक्त धातूंचे थर आहेत. लाखो वर्षांत काही मिलिमीटर, अशा गतीने ते साचले. जानेवारी २०२४ मध्ये भारताने तेथे पूर्वेक्षण करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला. श्रीलंकेच्या सागरतळाच्या दाव्यामुळे हे प्रकरण गुंतागुंतीचे झाले आहे.

कोबाल्टची राष्ट्राला गरज आहे, हे निर्विवाद. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी आपण परक्यांच्या तोंडाकडे का पाहावे, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु त्या थरांवरच प्रवाळ आणि स्पंज रुजतात. थर खरवडला की त्यांची जमीनच जाते. म्हणून त्या पर्वतावर कोण राहते याची यादी यंत्र उतरण्यापूर्वी तयार असणे, हेही राष्ट्रहिताचेच काम ठरते.

ही परंपरा आपल्याला नवी नाही. १८८८ ते १८९२ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर शल्यविशारद-निसर्गशास्त्रज्ञ म्हणून आल्फ्रेड अल्कॉक काम करीत होता. अंदमानच्या समुद्रातील खोल उतारावरील एका लहान शेवंडवर्गीय प्राण्याला १८९४ मध्ये त्याने 'मुनिडा अंदमानिका' असे नाव दिले. त्याने वर्णिलेले नमुने कोलकात्याच्या संग्रहालयात जमा होत गेले. तेव्हा राज्य परक्यांचे होते. स्वतंत्र भारताने १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापिली, तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावल येथे आहे. अरबी समुद्रातील पर्वतांना चंद्रशेखर वेंकट रामन, सागरशास्त्रज्ञ पणिक्कर आणि भूशास्त्रज्ञ वाडिया यांची नावे मिळाली. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या 'खोल महासागर अभियाना'ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यात तीन माणसांना ६००० मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी आहे, आणि खोल समुद्रातील जैवविविधतेचे संशोधन हाही त्याचा एक स्वतंत्र भाग आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय 'जलवीर' फ्रान्सच्या 'नॉटिल' पाणबुडीतून अटलांटिक महासागरात उतरले. त्यांतील एक ५,००२ मीटरपर्यंत गेला.

साधने येत आहेत, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु पाणबुडीने वर आणलेला जीव ओळखणार कोण? शंख, खेकडे, प्रवाळ, स्पंज यांचे वर्गीकरण हे वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकापुढे बसून करावयाचे काम. त्यात प्रसिद्धी नाही, मोठा पगार नाही, आणि अनेक महाविद्यालयांतून हा विषय हळूहळू मागे सारला गेला आहे. यंत्र विकत घेता येते. वीस वर्षे मुरलेली नजर विकत मिळत नाही. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जीवसृष्टीसंबंधीच्या जागतिक करारावर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो करार अंमलात आला. त्या मंचावर आपल्या समुद्राबद्दल अधिकारवाणीने बोलावयाचे असेल, तर आपल्या बरण्या, आपल्या चिठ्ठ्या आणि आपली नावे आपल्या हाती हवीत. अन्यथा आपल्याच अंगणातील रहिवाशांची ओळख परक्यांकडून करून घेण्याची वेळ येईल.

म्हणून घरातील एखादा मुलगा वा मुलगी शंख-शिंपले गोळा करून त्यांची नावे विचारीत असेल, तर तो पोरखेळ समजून झिडकारू नये. त्याला वही द्यावी. कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या दिवशी काय सापडले ते लिहायला शिकवावे. भरतीने वाळूवर आणून टाकलेले रिकामे शंखच उचलावेत, जिवंत जीव जागीच राहू द्यावा, हेही त्याच वेळी सांगावे. १९०८ साली 'अल्बाट्रॉस'वरील एका अनामिक हाताने बरणीत नीट चिठ्ठी टाकली म्हणूनच सदुसष्ट वर्षांनी एका हरवलेल्या कुळाचा पत्ता लागला. अशा चिठ्ठ्या लिहिणारे हात या देशात घरोघरी तयार झाले, तर अंधारातील त्या पर्वतांवरची प्रजा फार काळ अनामिक राहणार नाही.